जुना कॉम्प्युटर कमी खर्चात वेगवान कसा करावा: आधी काय, मग काय

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की आपल्याकडे सोलापुरात ठरलेला मार्ग असतो: कॅबिनेट दुचाकीच्या पुढ्यात घ्यायचं, नवी पेठेकडे निघायचं आणि ‘फॉरमॅट मारून’ आणायचं. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग कोणीतरी रॅम वाढवायला सांगतं. रॅम घातली तरी डेस्कटॉप यायला पाच मिनिटं लागतातच. मग अँटिव्हायरस बदलून होतो. तोवर तीन वेळा पैसे गेलेले असतात आणि एकदा फोटोही.

यातला एकेक उपाय चुकीचा नसतो, चुकतो तो क्रम. काय अडलंय हे मोजण्याआधीच खर्च होतो, आणि एका वेळी तीन गोष्टी बदलल्यामुळे कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या पाच टप्प्यांना जवळजवळ काही खर्च नाही. निम्म्या मशीनचं काम मला तिथेच होताना दिसतं.

## तयारी: दोन तासांचं काम नाही, एक रविवार ठेवा

एक वही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, मध्यम आकाराचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा एक नवा कोरडा ब्रश, बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क आणि ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेन ड्राइव्ह. एवढं जवळ असू द्या. ब्लोअर शेजारून मागून आणा, विकत घेऊ नका.

मशीन कोणत्या काळातलं आहे तेही वहीत लिहा. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. प्रोसेसरचं नाव, रॅम आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे तिथे दिसतं. इंटेलमध्ये आय-३ पुढच्या आकड्यावरून पिढी कळते: ३२२० म्हणजे तिसरी पिढी, ८१०० म्हणजे आठवी. ही पिढी शेवटच्या टप्प्यात लागणार आहे.

इथेच थांबायचं कोणी: ज्या लहान लॅपटॉपमध्ये ३२ जीबीची ईएमएमसी मेमरी (डिस्कऐवजीची साठवण) आणि २ जीबी रॅम दोन्ही मदरबोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, त्यात सुटा भाग बदलता येत नाही. तिथे फक्त टप्पा ५ आणि टप्पा ८ उपयोगी पडतील. पार्टवर पैसे घालू नका.

## टप्पा १: मोजा

मशीन रीस्टार्ट करा आणि स्टॉपवॉच लावा. डेस्कटॉप दिसला तिथे थांबायचं नाही. ब्राउझर उघडून एखादं पान पूर्ण दिसेपर्यंत वेळ मोजा आणि वहीत लिहा. हे दोनदा करा.

‘शट डाउन करून चालू’ न करता ‘रीस्टार्ट’ का? विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालू असते. त्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनवरही टास्क मॅनेजरमधला ‘अपटाइम’ वीस-वीस दिवस दिसतो, तो यामुळेच. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. काही जणांचा त्रास आठवड्यातून एकदा रीस्टार्ट केल्यावरच कमी होतो.

आता दहा मिनिटं थांबा. चालू झाल्या झाल्या सगळेच आकडे वर असतात, ते पाहून निष्कर्ष काढू नका. मग रोजचं काम सुरू करा: ब्राउझरचे चार-पाच टॅब, एखादी एक्सेल फाइल, जे काही नेहमीचं असेल ते. काम रखडतंय असं वाटेल त्या क्षणी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ भागात तीन आकडे पाहायचे: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क.

डिस्क १०० टक्के आणि मेमरी ६०-७० टक्के असेल, तर अडचण हार्ड डिस्कची आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही १०० असेल, तर मूळ दुखणं रॅमचं आहे. रॅम पुरत नाही म्हणून विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं आणि डिस्क बिचारी धावत सुटते. डिस्क आणि मेमरी दोन्ही शांत, पण सीपीयू सतत ९०-१०० असेल, तर एकतर एखादा प्रोग्राम मागे राबतोय किंवा प्रोसेसर तापून मंदावलाय.

विंडोज ७ च्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा नसतो. त्यातलंच ‘रिसोर्स मॉनिटर’ हे बटण दाबून तो पाहा.

तपासा: वहीत आता दोन वेळा आणि तीन टक्केवाऱ्या असल्या पाहिजेत. नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: हार्ड डिस्क आजारी आहे का?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते. मंद मशीन नेहमी जुनं झाल्यामुळे मंद नसतं. पुष्कळदा डिस्कच मरायला टेकलेली असते. खराब झालेला भाग वाचायचा ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि आपल्याला वाटतं की कॉम्प्युटर ‘हँग’ होतोय. अशा डिस्कवर फॉरमॅट मारला की उरलंसुरलंही जातं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या. उघडल्यावर डिस्कची तब्येत एका शब्दात दिसते. ‘गुड’ असेल तर पुढे चला. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असेल, तर खालच्या यादीतल्या ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळी पाहा. तिथे ‘रॉ व्हॅल्यूज’ या रकान्यात शून्याहून मोठा आकडा म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय.

सावध: ‘कॉशन’ दिसल्यावर डीफ्रॅग करू नका, चेकडिस्क चालवू नका, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅनही लावू नका. या तिन्हीत डिस्क तासन्‌तास राबते. आधी महत्त्वाच्या फाइल काढून घ्या. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर मशीन बंदच करा. डेटा खरंच मोलाचा असेल तर पुढचं काम डेटा रिकव्हरी करणाऱ्याचं आहे, आपलं नाही.

## टप्पा ३: बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

“बॅकअप आहे ना?” असं विचारलं की दहातले निम्मे लोक सांगतात, “हो, डी ड्राइव्हला टाकलंय.” सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. डी ड्राइव्हला टाकलेला माल म्हणजे बॅकअप नव्हे.

बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या गोष्टी: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि डी ड्राइव्हमधलं सगळं. यांखेरीज ज्या वस्तू नेहमी विसरतात त्या अशा. टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा फोल्डर. टॅलीतल्या कंपनीचा बॅकअप टॅलीतूनच वेगळाही घ्या. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल. छपाईचं, पत्रिकांचं काम असेल तर फॉन्टचा पूर्ण फोल्डर. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर असेल तर त्याची इन्स्टॉलेशनची सीडी किंवा फाइल आणि डाँगल (ते चालायला लागणारी यूएसबी किल्ली) हातात आहे ना ते पाहा. नव्याने विंडोज टाकल्यावर दहा वर्षांपूर्वीची मराठी फाइल उघडली आणि नुसत्या खुणा दिसल्या, असं आपल्याकडच्या छपाईवाल्यांच्या वाट्याला फार येतं.

लॅपटॉप असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) काही बदललं आणि मशीनने ती की मागितली, तर तेव्हा शोधायला वेळ उरत नाही.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि प्रत्येक फोल्डरमधली एक-दोन फाइल उघडून पाहा. उघडली तर बॅकअप झाला असं म्हणा.

## टप्पा ४: धूळ, सूत आणि उष्णता

सोलापुरात या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो. मे महिन्यात बाहेरचं तापमान ४२-४३ अंशांवर जातं, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. त्यात पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऑफिस असेल, तर यंत्रमागातून उडणारं बारीक सूत कॉम्प्युटरमध्ये जातं. ही साधी धूळ नव्हे. प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर ती नमद्यासारखी थापली जाते. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा खाली उतरतच नाही. एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातल्या मशीनमधला पंखा काढला, तर खाली रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीचा सुताचा थर निघाला होता. त्या मशीनला त्याआधी दोनदा फॉरमॅट मारून झाला होता.

प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. म्हणजे मशीन सकाळी बरं आणि दुपारी दोननंतर मंद, असं होत असेल तर आधी हाच टप्पा करा.

तापमान पाहायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो हे फुकट प्रोग्राम आहेत. नुसतं चालू असताना ४०-५५ अंश ठीक आहे. काम करताना ८०-८५ पर्यंत गेलं तरी चालतं. ९५ च्या पुढे गेलं की वेग कापला जातोय असं समजा.

सफाईचा क्रम असा:

1. मशीन बंद करा, मागची वायर काढा आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेला वीजभार निघून जातो.
2. कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर न्या. घरात ब्लोअर मारला तर तीच धूळ रात्री परत आत जाते.
3. पंख्याचं पातं आइस्क्रीमच्या काडीने अडवा आणि मगच ब्लोअर मारा. ब्लोअरने पंखा गरगर फिरवला तर त्याचं बेअरिंग जातं, आणि उलटी वीज तयार होऊन बोर्डालाही धोका असतो.
4. चिकटलेलं सूत ब्रशने आणि चिमट्याने सुटं करा. ओलं फडकं नको. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.
5. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा. रबराचा कीस झटकून पट्टी परत बसवा.
6. एसएमपीएसला (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) बाहेरून हवा मारा. त्याचे स्क्रू उघडू नका. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.

मशीन सहा-सात वर्षांत उघडलेलंच नसेल, तर हीटसिंकखालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. हीटसिंक काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापडाने पुसा आणि मसूर डाळीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा. पोळीवर तूप लावल्यासारखी जाड थापू नका. जाड थर उष्णता अडवतो. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरचा हीटसिंक सरळ वर ओढू नका. प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा आणि हीटसिंक हलका डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

याच वेळी बोर्डवरच्या उभ्या नळकांड्या (कपॅसिटर) पाहा. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. फुगलेली असतील किंवा तपकिरी रस दिसत असेल, तर तो बोर्ड फार दिवसांचा सोबती नाही. त्यावर नवीन पार्ट घेऊ नका.

तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की ब्राउझर बँकेची, सरकारी कामाची संकेतस्थळं असुरक्षित म्हणून अडवतो आणि लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

तपासा: प्रोसेसरच्या पंख्याची वायर परत लावली ना? झाकण लावण्याआधी मशीन एकदा चालू करून पंखा फिरताना डोळ्याने पाहा.

## टप्पा ५: फुकटची आवराआवर

टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप’ उघडा. जे प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप चालू होतात त्यांची ही यादी. अपडेटर, मीटिंगचे प्रोग्राम, टोरेंट, प्रिंटरचे जाहिराती दाखवणारे सहायक, सगळे ‘डिसेबल’ करा. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाचे ड्रायव्हर यांना हात लावू नका.

दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच. दोघंही प्रत्येक फाइल तपासतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच असतो. मुदत संपलेला विकतचा अँटिव्हायरस काढला की डिफेंडर आपोआप जागा होतो, आणि जुन्या मशीनसाठी तो पुरेसा आहे असं माझं मत आहे.

सी ड्राइव्हमध्ये किमान १५-२० टक्के जागा मोकळी हवी. ‘डिस्क क्लीनअप’ चालवा, डाउनलोड्समधले जुने व्हिडिओ हलवा. ब्राउझरची एक्स्टेन्शन पाहा, ओळखीची नसतील ती काढा. उजव्या कोपऱ्यात सतत ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे’ अशा सूचना येत असतील, तर तो बहुधा व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढा.

विंडोजच्या ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’मध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा, पण त्यातला ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ हा पर्याय परत टिक करा. तो काढला की देवनागरी अक्षरं फाटकी दिसतात, जोडाक्षरं वाचवत नाहीत, आणि वेगात फरक शून्य.

करू नका: ‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ टाकणं. हेच प्रोग्राम मागे बसून मशीन खातात. पेजिंग फाइल (डिस्कवरची, रॅमसारखी वापरली जाणारी जागा) बंद करण्याचा सल्ला मिळाला तर तोही ऐकू नका. कमी रॅमच्या मशीनवर त्यामुळे प्रोग्राम अचानक बंद पडतात.

आता टप्पा १ मधलं मोजमाप पुन्हा घ्या. समाधानकारक फरक पडला असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

## आधी एसएसडी की आधी रॅम?

आता वही उघडा. रॅम २ जीबी असेल तर आधी रॅम. २ जीबीत आजचा ब्राउझर मावतच नाही. रॅम ४ जीबी आणि डिस्क १०० टक्के असेल तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क), मग जमेल तेव्हा रॅम ८ जीबी. रॅम ८ जीबी असूनही मशीन मंद असेल तर फक्त एसएसडी. दोन्ही एकदम घेण्याइतके पैसे असले तरी एक बसवा, आठवडाभर वापरा, मग दुसरं ठरवा. बहुतेकांना दुसरं लागत नाही.

## टप्पा ६: एसएसडी

जुन्या मशीनवर घातलेल्या पैशाचा सगळ्यात जास्त मोबदला इथे मिळतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई जागा शोधते, त्यामुळे विखुरलेल्या बारीक फाइल वाचताना ती सेकंदाला शंभर-दीडशेच हेलपाटे घालू शकते. विंडोज चालू होताना अशा हजारो बारीक फाइल लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे हाच आकडा हजारोंच्या घरात जातो.

दुकानात जुन्या मशीनसाठी ‘अडीच इंची साटा एसएसडी’ असंच मागा. साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडण्याची पद्धत. एम.२ प्रकारची पट्टी घेऊ नका. जुन्या बोर्डवर तिची जागाच नसते. एच-६१ सारख्या जुन्या बोर्डवर साटा-२ हा कमी वेगाचा प्रकार असतो, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावरचा ५००-५५० एमबीचा वेग मिळणार नाही, साधारण अर्धाच मिळेल. त्याने निराश होऊ नका. रोजच्या कामात जाणवतो तो बारीक फाइलींचा वेग, आणि तो तिथेही भरपूर मिळतो.

२४० किंवा २५६ जीबी पुरते. जुनी हार्ड डिस्क ‘गुड’ असेल तर तीच फोटो-व्हिडिओंसाठी राहू द्या. लॅपटॉपमध्ये डिस्कला एकच जागा असते. जुनी डिस्कही ठेवायची असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवता येते, पण कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत येते. आधी आपला ड्राइव्ह मोजा.

भाव सतत बदलतात, म्हणून एकाच दिवशी दोन दुकानांत विचारा. ओळखीची कंपनी, पक्कं बिल, बिलावर सीरियल नंबर. ऑनलाइन अगदी किरकोळ किमतीत २ टीबी असं दिसलं तर घेऊ नका. आत लहान मेमरी आणि खोटा आकडा असतो. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ पाहा. नव्या एसएसडीवर हा आकडा शून्य किंवा अगदी थोडा असतो. हजारात असेल तर त्याच दिवशी परत न्या.

बसवण्याचा क्रम:

1. वायर काढून कॅबिनेट उघडा. जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही जोडून विंडोज टाकलं तर बूटची फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसते. मग वर्षाने ती डिस्क गेली की एसएसडी ठणठणीत असूनही मशीन उठत नाही.
2. एसएसडी साटाच्या पहिल्या पोर्टला लावा. एसएमपीएसला साटा पॉवर नसेल तर कन्व्हर्टर लागतो. प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या तोंडाचा नको, ज्यात वायरी दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या. ओतीव प्रकारात आत शॉर्ट होऊन जळाल्याचे प्रकार झाले आहेत.
3. बायोसमध्ये साटा मोड ‘एएचसीआय’ करा, आणि तो विंडोज टाकण्याआधी. जुनं विंडोज ‘आयडीई’ मोडवर टाकलेलं असेल आणि तुम्ही नंतर मोड बदलला, तर निळा पडदा येतो. तसं झालं तर घाबरू नका, मोड परत होता तसा करा.
4. विंडोज नव्याने टाका. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्याचा मोह होतो, पण जुना कचराही बरोबर येतो. टॅलीसारख्या गोष्टी जशाच्या तशा हव्याच असतील तरच क्लोन करा, आणि तेही आजारी डिस्कवरून नाही.
5. एसएसडीवरून मशीन दोनदा नीट चालू झालं की मगच बंद करून जुनी डिस्क जोडा.

विंडोज १० आधी रीतसर ॲक्टिव्हेट केलेलं असेल, तर त्याच बोर्डवर पुन्हा टाकल्यावर इंटरनेट जोडताच ते परत ॲक्टिव्हेट होतं. की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडा आणि आवृत्ती पूर्वीचीच घ्या, होम असेल तर होम.

सावध: एसएसडीला डीफ्रॅग करू नका. विंडोज तिची निगा स्वतः राखतं.

## टप्पा ७: रॅम

चूक होते ती पट्टी ओळखण्यात. डीडीआर-२, ३ आणि ४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. दुकानात जाताना जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो न्या. पीसी-३ म्हणजे १.५ व्होल्टची डीडीआर-३, पीसी-३-एल म्हणजे १.३५ व्होल्टची. जे लॅपटॉप १.३५ व्होल्टच मागतात त्यांत साधी पीसी-३ पट्टी चालत नाही. १२८०० हा आकडा १६०० च्या वेगासाठी असतो.

जी-४१ चिपसेटचा जुना बोर्ड असेल तर दुकानदाराला आधीच सांगा. त्यावर एकाच बाजूला आठ चिप असलेली ४ जीबीची पट्टी बहुधा चालत नाही, दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असलेली लागते. हे न सांगता घेतलेली पट्टी परत करायला पुन्हा फेरी पडते.

३२ बिटचं विंडोज असेल तर ते साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरतं. ८ जीबी घातली तरी उरलेली नुसती पडून राहते. आधी ६४ बिट टाका.

डीडीआर-३ ची वापरलेली पट्टी घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही. मात्र ‘चालली नाही तर बदलून’ हे बिलावर लिहून घ्या आणि त्या रात्री मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून झोपा. सकाळी एकही लाल ओळ नसेल तरच पट्टी ठेवा.

चालू केल्यावर लांब बीप वाजले आणि पडदा काळा राहिला, तर दहातल्या आठ वेळा पट्टी नीट बसलेली नसते. वायर काढा, परत बसवा, क्लिक असा आवाज ऐका.

## टप्पा ८: विंडोज की लिनक्स

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. नियम चुकवून ते जुन्या मशीनवर टाकून देणारे भेटतात, पण तिथे अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती तर कोअर टू ड्युओ या जुन्या इंटेल प्रोसेसरवर सुरूच होत नाही.

ज्या मशीनवर फक्त ब्राउझर, यूट्यूब, पीडीएफ आणि पत्र टाइप करणं एवढंच काम आहे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं. टाकण्याआधी रूफस या प्रोग्रामने पेन ड्राइव्ह तयार करा आणि त्यावरूनच मिंट चालवून पाहा. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग या चार गोष्टी तपासा. चारही जमल्या तरच पुढे.

मिंट टाकू नका: टॅली, श्रीलिपी किंवा पेजमेकर, आधारचं अंगठ्याचं यंत्र, किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन ज्या मशीनवर आहे तिथे. या गोष्टी बहुतांशी विंडोजच्या भरवशावर चालतात. जुन्या छपाईच्या मशीनवर विंडोज ७ ठेवावंच लागत असेल तर त्याचं इंटरनेट काढून टाका आणि मेल, बँक दुसऱ्या मशीनवर पाहा.

‘लाइट विंडोज’ नावाने फिरणाऱ्या कापून-छाटून बनवलेल्या प्रती अजिबात नकोत. त्यात कोणी काय घातलंय हे कळायला मार्ग नाही, आणि आपण त्यावर बँकेचा पासवर्ड टाकणार असतो.

## पैसे कुठे थांबवायचे

जुन्या मशीनवर एकूण खर्च, त्याच तोडीचं चांगलं वापरलेलं मशीन घेण्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त करायचा नाही, असा माझा हिशेब आहे. ग्राफिक्स कार्डने ब्राउझर आणि एक्सेल वेगवान होत नाहीत. प्रोसेसर बदलणं सगळ्यात शेवटी, आणि तोही बोर्डाला चालतो याची बोर्डाच्या कंपनीच्या यादीत खात्री केल्यावर.

भिंतीतल्या स्विचबोर्डात अर्थिंगची पिन खरोखर जोडलेली आहे ना, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या. ज्या भागात एकाच लाइनवर माग चालतात तिथे माग सुरू-बंद होताना व्होल्टेज हलतं, आणि नवी एसएसडी त्यात जाऊ नये म्हणून साधा यूपीएस उपयोगी पडतो.

जुनी हार्ड डिस्क पुसण्याची घाई नको. एक महिना तशीच ठेवा. या महिन्यात कोणती फाइल राहिली ते हमखास आठवतं. महिन्यानंतर ती फॉरमॅट करून साठवणीला लावा. ‘कॉशन’ दाखवणारी असेल तर वापरू नका आणि भंगारात तशीच देऊही नका. तबकडीला ड्रिलने आरपार दोन भोकं पाडा, मगच ई-कचऱ्यात द्या.

शेवटचं मोजमाप घ्या. रीस्टार्टपासून ब्राउझरपर्यंतची वेळ, कोणता पार्ट कधी घातला आणि थर्मल पेस्ट लावल्याची तारीख, एवढं एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढची सफाई फेब्रुवारीत, ऊन तापण्याआधी. मागाच्या शेजारी मशीन असेल तर दर तीन महिन्यांनी.